तीस हजार डिपॉझिट आणि मूठभर भंडारा

आमचे घरमालक हौसराव आप्पा. त्यांना मी आजवर तोंडावर एकही शिवी दिलेली नाही. माझी जीभ काही गोड नाही, पण नवरा मल्हार शेजारी उभा असला की ती आपोआप दाताखाली धरली जाते. आता धरायचं कारण नाही. माणूस नालायक होता आणि आहे.

शिक्रापूरजवळच्या एका वाडीत त्यांच्या दहा खोल्या. जमीन कंपनीला विकली, आलेल्या पैशात खोल्या बांधल्या, आणि त्याच कंपनीत राबणाऱ्या आमच्यासारख्यांकडून दर महिन्याला भाडं. आम्ही दोघं चार वर्षं सात नंबरात राहिलो. मी पॅकिंगला, मल्हार फोर्कलिफ्टवर. डिपॉझिट तीस हजार दिलं होतं, करारनाम्यावर मात्र पाच हजार. "कागदावर कमी दावू, स्टॅम्पचा खर्च वाचंल," आप्पा म्हणाले आणि माझ्या सासऱ्यांनी मान हलवली. त्यांचं नाव हरिबा, आम्ही आबा म्हणतो. एके काळी त्यांच्या मेंढ्या दर वर्षी आप्पांच्या रानात खतासाठी बसायच्या. एवढ्या जुन्या ओळखीत कागदावर अडून बसायची आबांना लाज वाटली.

यंदा कंपनीनं कंत्राटी माणसं कमी केली, त्यात आम्ही दोघंही गेलो. खोली सोडून यवतला घरी आलो. त्याच महिन्यात माझी नणंद धनश्री हिचा नर्सिंगला नंबर लागला. शुक्रवारपर्यंत तीस हजार भरायचे, नाहीतर जागा पुढच्या पोरीला. आमच्या घरात बारावीपुढं शिकणारी ती पहिलीच. बातमी आली त्या दिवशी तिनं मला मिठी मारली होती, आणि मी म्हणाले होते, "काळजी करू नको, डिपॉझिट येणारच हाय."

तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा आप्पा म्हणाले, सोमवारी या. दुसऱ्यांदा म्हणाले, नवा भाडेकरू येऊ द्या. तिसऱ्यांदा करारनामाच पुढं केला. "हे बघा, पाच हजार. रंगाचं तीन, नळाचं दोन. फिटलं." रंग मल्हारनं स्वतः दिवाळीला दिला होता. नळ तर आम्ही राहायला गेलो तेव्हापासूनच गळत होता.

मग वाडीच्या तंटामुक्तीकडं गेलो. अध्यक्ष कोण, तर साहेबराव, आप्पांचे सख्खे मेहुणे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तरी गुरुवारी दुपारी खंडोबाच्या देवळात बैठक बसली. आबाही आले होते, पैसे त्यांच्याच हातानं दिलेले म्हणून.

आप्पांनी खिशातून नोटांचं बंडल काढून देवापुढं ठेवलं. "हरिबा, कागद ऱ्हाऊ दे बाजूला. भंडारा उचल आन् म्हण, तीस हजार दिलं. हितल्या हितं मोजून देतो."

देवापुढच्या ताटात भंडारा होता, हळद. ती हातात घेऊन खोटं बोलणारा आमच्यात अजून जन्मायचा आहे. मला वाटलं, सुटलो. पण आबा जागचे हलले नाहीत.

"मी न्हाई उचलायचो."

"आबा, खरंच तर बोलायचंय," मी म्हणाले.

"खरं हाय म्हनून काय झालं? पैशापायी उचलत न्हाईत."

साहेबराव हसले. "बघा मंडळी. खरं आसतं तर उचलला नसता का?" मागं चार-पाच जण फिदीफिदी हसले. ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची शेंग तोडली नाही, तो त्यांच्या लेखी खोटारडा ठरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, पदर डोक्यावर घेतला, मूठभर भंडारा उचलला आणि म्हणाले, "तीस हजार दिलं. खोटं आसंल तर देव बघून घेईल."

आप्पांनी लगेच बंडल माझ्या हातात दिलं. घासाघीस नाही, कुरकुर नाही. मी दोनदा मोजले, पुरे तीस. किती दिवसांनी छाती हलकी झाली. सकाळी कॉलेज उघडायच्या आधी दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं.

आबांनी हात पुढं केला. "दे पोरी. भंडारा उचलून घेतलेला पैसा घरात न्यायचा न्हाई. त्यो देवाचा झाला."

माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं. याच वाडीत एका मेंढ्यावरून तंटा झाला, तेव्हा आबांच्या वडलांनी भंडारा उचलला, मेंढा जिंकला आणि याच देवळात सोडून दिला. हे आबा सांगत होते आणि आप्पा मान डोलवत होते. "व्हय, म्या बघितलंय. बारका हुतो तवा."

आणि या देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्षही हौसराव आप्पाच.

"आन् धनश्रीचं काय?" मी ओरडले. मल्हार खाली बघून म्हणाला, "दे मोनिका. बघू कायतरी." काय बघणार होता, देव जाणे. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी आडवत न्हाई तुला. पर त्यो पैसा घरात आला, तर त्या घरात मी भाकरी खानार न्हाई." आणि ते खरंच खाणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी बंडल दिलं. आबांनी ते देवापुढं ठेवलं. आप्पांनी उचललं, कपाळाला लावलं आणि पुन्हा त्याच खिशात टाकलं.

आबा एसटीनं गेले. आम्ही मोटारसायकलवर निघालो. चौफुल्याजवळ धनश्रीचा फोन आला. "वैनी, मिळालं का?"

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, आबांना बोल लावेल, निदान आप्पांना शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं.

"वैनी, तुम्हाला कुणी सांगितलं हुतं भंडारा उचलायला?"

कुणी सांगितलं नव्हतं. तसंच म्हणाले तिला, आणि मल्हारच्या मागं गाडीवर बसले.