काळ्या वडीतला खळगा

थांबा, आधी माझं झाकण उघडू द्या. मी रंगभूषेची पेटी बोलतेय. शाळेचं नाटक असलं की पडद्यामागे सगळ्यात जास्त भाव खाते ती मीच.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. पोटात गोरी, सावळी आणि काळी अशा रंगांच्या तीन वड्या, दोन ब्रश आणि झाकणात आरसा घेऊन मी रंगभूषा करणाऱ्या मावशींकडे आले. मावशींचा एक नेम होता. प्रयोगाच्या दिवशी पडदा वर जाईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मला उघडण्याआधी त्या हात जोडायच्या नि म्हणायच्या, "बाई गं, आज कुणाचा चेहरा बिघडू देऊ नकोस." मी फुलून जायचे.

आता पोटातलं सांगते. गोरी वडी वर्षभरात झिजून तळाचा पत्रा दिसायचा. ती राजाला, राणीला, परीला लागायची. काळी मात्र जवळजवळ कोरीच. ती फक्त राक्षसाला आणि चोराला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पेटीला कुठली अक्कल, माणसं शिकवतील तेच ती शिकणार.

मग त्या वर्षी चिमणी आली. हे तिचं घरचं नाव. काळीभोर, दाट कुरळ्या केसांची पोर. तिचे पणजोबा दूर देशातून इथं कामाला आलेले. चार पिढ्या इथं गेल्या, तरी शेजारी अजून 'ती तिकडची माणसं' म्हणायचे. वर्गात तर तिला 'कोळसा'च म्हणत. पण आवाज असा खणखणीत, की राणीचं काम तिलाच मिळालं.

"काम छान करतेस गं," नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या. "रंगाचं काय ते मावशी बघतील."

रंगीत तालमीच्या दिवशी काय ती धांदल! मावशींनी चिमणीच्या तोंडावर गोऱ्या वडीचे दोन थर दिले. मान आणि हात घाईत तसेच राहिले. चिमणीनं माझ्या आरशात पाहिलं, पण हसली नाही.

तेवढ्यात तिची आजी आत आली. एकेका मुलीचं तोंड निरखत रांगेपुढून चालली. चिमणीपाशी क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"बाई, आमची पोर दिसत नाही. काढलं का हो तिला नाटकातून?"

"आजी, मी इथंय," चिमणी हळूच म्हणाली.

आजी वळली. नातीच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "बरी दिसतेस हो," म्हणाली आणि खाली मान घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रयोग. मावशींनी गोऱ्या वडीवर बोट ठेवलं, तशी चिमणी मागे सरकली. "मावशी, मला माझंच तोंड राहू द्या. नाहीतर राणी दुसरीला द्या."

"अगं, राणी कधी अशी असते का?" बाई म्हणाल्या. "आता ऐन वेळी हट्ट नको."

मावशींच्या हातात पाण्याचा पेला होता. त्या म्हणाल्या, "बाई, कुणाचा चेहरा बिघडू नये म्हणून मी उपाशी राहते. आणि काल आजीला नात ओळखू आली नाही, इतका बिघडवला मीच. देव माझा कसला नेम मोजणार?"

दुसरी घंटा झाली. "करा तुम्हाला योग्य वाटेल ते," बाई पुटपुटल्या.

काळी वडी पडून पडून दगड झालेली. मावशींनी प्यायच्या पाण्यातले दोन थेंब तिच्यावर सोडले, बोटानं घासलं, त्यात थोडी सावळी मिसळली आणि चिमणीच्या गालावर टेकवली. रंग असा मिळून गेला, की गाल कुठला आणि वडी कुठली ते मलाही कळेना. आनंदानं माझी बिजागरी करकरली!

पडदा वर गेला. राणी बोलायला लागली आणि मागच्या रांगेतून आजीचा आवाज आला, "ती बघा, ती आमची."

आता माझ्या आरशाला तडा गेलाय, झाकण नीट बसत नाही. पण काळ्या वडीत बोटाएवढा खळगा पडलाय, आणि तो दरवर्षी वाढतोय. यंदाचा राक्षस तर गोरापान होता, त्यानंही टाळ्या घेतल्या.

माझं एकच मागणं आहे. मला उघडाल तेव्हा आधी समोरच्या लेकराकडे नीट बघा. वडीला हात मग लावा.