टेंगूळ, निखारा आणि एकोणीसचा पाढा

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्या दिवशी माझी नात समीक्षा घरी आली ती एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात झाकणाची बादली घेऊन. बादलीत एक काळा मासा होता. अंगावर नारिंगी ठिपके, विझत आलेल्या चुलीसारखे.

“आबाजी, हा निखारा. माझी मैत्रीण सोनू, तिचा ऑस्कर जातीचा मासा,” ती म्हणाली. “तिची टाकी फुटली. नवी सुट्टीनंतर येनार. ती मामाकडे रोहण्याले चालली, पंधरा दिवस. मी शब्द दिला तिले, जसा दिला तसाच परत करीन म्हणून.”

“आणि ठेवणार कुठे?”

तिने बैठकीतल्या आमच्या टाकीकडे बोट दाखवलं.

त्या टाकीत आमचा मासा टेंगूळ राहत होता. जात फ्लॉवरहॉर्न, कपाळावर लिंबाएवढा उंचवटा, आणि तीन फुटांच्या टाकीतला प्रत्येक इंच आपल्याच नावावर आहे अशी पक्की समजूत. गोगलगायसुद्धा त्याने दोन दिवसांवर टिकू दिली नव्हती.

तरीही मी घाबरलो नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं. वर्गात दोन भांडकुदळ पोरं असली की मी त्यांना एका बाकावर बसवत असे. आठवड्याभरात ती एका डब्यात जेवायची.

“सोड त्याला,” मी म्हणालो. “शिकतील सोबत राहायला.”

अर्ध्या मिनिटात माझ्या छत्तीस वर्षांचा निकाल लागला. टेंगूळ तिरासारखा आला. निखाराही गरीब नव्हता, त्याने समोरून तोंड धरलं. दोघे एकमेकांचे जबडे पकडून टाकीभर गरगर फिरले. सुटले तेव्हा निखाऱ्याच्या शेपटीतून नखाएवढा तुकडा गेला होता.

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. “जसा दिला तसाच म्हटलं होतं मी.”

“शेपूट भरून येते बेटा,” मी म्हणालो. “पण यापुढे चावा बसता कामा नये.”

स्वयंपाकघरातून सूनबाईंचा, म्हणजे वर्षालीचा, आवाज आला. “बाबा, आताच सांगून ठेवते, या घरात दुसरी टाकी येनार नाई. आली तं टाकी बैठकीत राहीन अन् आपन सारे अंगनात.”

मग उपाय सुरू झाले. सुट्टीतही माझ्याकडे आमच्या पिपरी मेघेतली पाच-सहा पोरं सकाळी पाढे म्हणायला येतात. तीही कामाला लागली. मध्ये प्लास्टिकची जाळी लावली, ती टेंगळाने डोक्याने पाडली. दोघांना दोन कुंड्या घर म्हणून दिल्या, टेंगळाने दोन्ही घेतल्या. सगळे दगड हलवून टाकीची पार ओळख पुसून टाकली, म्हणजे दोघेही नवखे. हा उपाय खरा आहे आणि जाणकार तोच सांगतात, पण आमच्याकडे तो दुपारच्या चहापर्यंतच टिकला. टाकीवर चादर टाकली की अंधारात दोघे गप्प राहत. पण पंधरा दिवस चादरीखाली ठेवलेला मासा जसा दिला तसा कसा राहणार?

तिसऱ्या दिवशी मी टाकीपाशी वाकून दगड नीट लावत होतो आणि मागे बसलेल्या पोरांकडून एकोणीसचा पाढा म्हणून घेत होतो. पोरं ‘एकोणीस चोक’वर अडकली. मी टाकीतून हात काढला आणि तिथूनच खणखणीत म्हणालो, “शहात्तर!”

टेंगूळ आणि निखारा एकमेकांना सोडून माझ्यावर धावले. धाड धाड काचेवर डोकी आपटू लागले. दोघे, शेजारी शेजारी.

“आबाजी, ते तुमाले मारून राह्यले!” समीक्षा आनंदाने ओरडली.

“का मारताहेत, ते शोधून काढायचं,” मी म्हणालो. “अंदाज नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं.”

पोरांनी मला टाकीसमोर स्टुलावर बसवलं आणि पाढा म्हणत राहायला सांगितलं. आधी चष्मा काढला. मासे धावले. टोपी काढली. धावले. मिशीवर रुमाल बांधायचा ठराव झाला, तो मी सहन केला. तरीही धावले. शेवटी समीक्षा म्हणाली, “आबाजी, आता चूप बसा.”

मी गप्प बसलो. पाच मोजेपर्यंत टेंगूळ वळला आणि निखाऱ्याच्या मागे लागला.

“बोला, बोला!”

मी पाढा सुरू केला. दोघे पुन्हा माझ्यावर.

“आता आवाज नाई. नुसतं तोंड हालवा.”

मी बिनआवाजाचा पाढा म्हटला. दोघे काचेवर तुटून पडले. मग गोष्ट उलगडली. हे मासे भांडायला उभे राहिले की समोर येऊन तोंड वासतात, गालफडं फुगवतात. म्हणजे छत्तीस वर्षं मी फळ्यापुढे उभा राहून जे करत आलो, त्याला माशांच्या जगात ‘ये बाहेर, पाहतो तुला’ असं म्हणतात.

वहीत समीक्षाने लिहिलं, ‘दोघांचा एकच दुश्मन – आबाजी.’ खाली तारीख टाकली.

पोरांनी माझ्यासारखी तोंडं करून पाहिली. त्यांची तोंडं लहान पडली. टेंगूळ त्यांच्याकडे पाहून नुसती शेपूट हलवायचा. तेव्हा नोकरी मलाच लागली. सकाळी शिकवणी टाकीसमोर, दुपारी पेपर मोठ्याने वाचणं टाकीसमोर, संध्याकाळी पुन्हा पाढे. मी जेवायला उठलो की टाकीवर चादर. निखाऱ्याची शेपूट भरू लागली. वर्षाली येता-जाता म्हणायची, “बाबा, रिटायर होऊनही तुमी पूर्ण ड्यूटी करून राह्यले.”

अकराव्या दिवशी मला ताप भरला. डॉक्टरांनी दोन दिवस अंथरुणातून हलायचं नाही असं बजावलं. समीक्षा उंबऱ्यात उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा बैठकीतल्या टाकीकडे पाहत होती. चार दिवस उरले होते.

“मोठं तोंड पायजे,” ती स्वतःशीच म्हणाली आणि चपला घालून पळाली.

पंधरा मिनिटांनी ती शेजारच्या सुलोचनाबाईंना घेऊन आली. सुलोचनाबाई एकट्या नव्हत्या. त्यांच्यामागे त्यांचं अख्खं भजन मंडळ होतं, त्यांना धरून आठ बायका, खंजिऱ्यांसह.

“मामी, आमच्या बैठकीत सराव करा ना. आवाज मस्त घुमते इथं,” समीक्षा म्हणत होती. “फक्त तोंड टाकीकडे ठेवजा.”

मी पलंगावरून उघड्या दारातून सगळं पाहत होतो. वर्षालीने नुकताच माझ्या तोंडात थर्मामीटर दिला होता. खंजिऱ्या कडाडल्या. आठ तोंडं एकदम उघडली. टेंगूळ मोठ्या तावाने पुढे आला, निखाराही आला. मग दोघांनी डावीकडून उजवीकडे आठ वासलेले जबडे पाहिले. सुलोचनाबाईंनी वरचा सूर लावला आणि तो सोडेचनात. दोन्ही मासे गर्रकन वळले आणि एकाच कुंडीत घुसले. बाहेर फक्त दोन शेपट्या दिसत होत्या, एकमेकींना चिकटलेल्या.

“पाह्यलं का व बाई!” सुलोचनाबाईंनी हात जोडले. “मुक्या जिवालेही भजन समजते. कसे शांत झाले!”

मला खरं कारण सांगायचं होतं. मी “अं, अं” केलं.

“बाबा, तोंड उघडू नका,” वर्षाली म्हणाली.

मंडळ पुढे चार दिवस नेमाने आलं. माझा ताप उतरला, तरी मी त्यांना काही सांगितलं नाही.

सोळाव्या दिवशी सोनू नवी टाकी लावून निखाऱ्याला न्यायला आली. समीक्षाने आधी वहीच तिच्या हातात दिली. “पहिल्या दिवशी याची शेपूट फाटली. माझीच चूक होती. आता भरली, पन थोडी कमी हाये. पाहून घे.”

सोनूने काचेला नाक लावलं. बराच वेळ पाहिलं. “मले तं जाडा दिसून राह्यला,” ती म्हणाली. “याले काय खाऊ घातलं व?” आणि हसत हसत बादली घेऊन सिंदी मेघेला आपल्या घरी गेली. समीक्षाने पंधरा दिवसांत पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन शिकवणीच्या वेळी, फोन वाजला. व्हिडिओवर सोनूचा रडवेला चेहरा.

“समीक्षा, हा कालपासून काईच खाऊन नाई राह्यला. कोपऱ्यात बसला उदास. तू म्हटलं होतं ना, जसा दिला तसा?”

समीक्षाचं तोंड उतरलं. मग तिने वही उघडली, ‘एकच दुश्मन’वालं पान वाचलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

“सोनू, फोन टाकीले चिपकव. आबाजी, सुरू करा.”

मी घसा साफ केला. समोर पोरं बसली होती, मागे टेंगूळ होता, आणि फोनच्या पडद्यावर एका कोपऱ्यात विझलेला निखारा.

“एकोणीस एके एकोणीस,” मी तोंड भरून म्हणालो. “एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न...”

पडद्यावर काळं काहीतरी हललं. ते झपाट्याने मोठं होत आलं आणि ठप्पकन काचेवर आदळलं.

“आला! आला!” तिकडून सोनू ओरडली. “थांबू नका आबाजी, मी दाने टाकून राह्यली!”

“एकोणीस चोक?” मी पोरांना विचारलं.

“शहात्तर!” पोरं ओरडली. या वेळी कोणीही अडकलं नाही.