अर्ध्या दुकानाचा कागद

चिमी एक्कावन्न वर्षांची होती, पण दादासाठी ती चिमीच. दादा कापड कापायचा, चिमी शिवायची. त्याच्या कात्रीला तिने कधी हात लावला नाही आणि तिच्या मशीनला त्याने. चोवीस वर्षं दुकान असंच चाललं होतं.

मशीन मात्र अलीकडे दर पंधरा दिवसांनी बिघडायचं. मशीनवाला यायचा, स्क्रू आवळायचा आणि चहा घेत तासभर बसायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, बोलायला गोड माणूस. तो गेला की पंधरा दिवसांनी चिमी स्वतःच तो स्क्रू ढिला करायची. या वयात असले उद्योग! पण तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. सोमवारी त्याने लग्नाचं विचारलं आणि चिमीला कपाटातला एक कागद आठवला.

आई गेली त्या वर्षीचा. दुकान दादाच्या नावावर होतं. त्याने स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं होतं: चिमी कधीही लग्न करणार नाही, दुकानातच काम करील, त्याबदल्यात अर्धं दुकान तिचं. लग्न केलं तर अर्धं गेलं. सत्ताविसाव्या वर्षी तिने खुशीने सही ठोकली होती. तेव्हा तिला लग्नाचं विचारणारं होतं कोण?

दुपारी बटणं आणायचं निमित्त काढून ती वकीलबाईकडे गेली. वकीलबाईने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हा रद्दीत टाका. जन्मभर लग्नच करू नकोस, असा करार बेकायदा. कोर्ट तो मानत नाही. खुशाल लग्न करा."

चिमीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे अर्धं दुकान माझंच राहिलं!"

"तसं नाही हो. अर्धं मिळालं तेही याच कागदावर. करारच नाही, तर अर्धंही नाही. आता दादांच्या मनात असेल तसं."

चोवीस वर्षं ज्या दुकानात मान मोडून शिवलं, तिथे आपलं काहीच नाही? चिमी परतली, ती बटणं न घेताच.

"बटणं कुठायत?" दादाने विचारलं.

मग तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मशीनवाला, कागद, वकीलबाई, काही लपवलं नाही. "आता मी लग्न केलं काय नि नाही केलं काय, दुकान तुझंच."

दादाची कात्री अर्ध्या कापडात थांबली. असं कधी होत नसे.

"स्क्रू तूच ढिला करतेस, ते ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "मशीनचा आवाज मलाही कळतो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर गेली असतीस." तो स्टुलावर बसला. "आई गेल्यावर रिकाम्या घरात पाऊल टाकायची भीती वाटायची, चिमे. तेवढ्यासाठी तुझं आख्खं आयुष्य लिहून घेतलं मी. चुकलं माझं."

चिमीला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त माया आली, आणि तिचे डोळे भरले.

दादा उठला. टेपने त्याने दुकान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मापलं, मग गुडघे धरत खाली बसून फरशीवर खडूने रेघ ओढली. मागे सरकून पाहिलं, पुसली आणि खिडकी चिमीकडे येईल अशी पुन्हा ओढली.

"उजेड तुझ्याकडे राहू दे. उद्या वकीलबाईकडे जाऊन नीट लिहून देतो. या वेळी अट नाही."

"माझी एक आहे," चिमी म्हणाली. "लग्नानंतर रात्रीचं जेवण रोज आमच्याकडे. रिकाम्या घरात जायचं ते फक्त झोपायला."

दादाने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हे कागदावर नको हं घालूस. कोर्ट मानायचं नाही."

"न मानू दे," चिमी म्हणाली. "तू ये म्हणजे झालं."