वरच्यांची प्रेस, खालच्यांची प्रेस

भावोजींच्या जबड्यावर नानाचा पहिला ठोसा बसला तेव्हा दोन वाजायला चार मिनिटं होती. खरं सांगायचं तर तो ठोसा सहा वर्षं उशिराच बसला.

कारखाना भंगार लोखंड दाबून त्याचे ठोकळे करायचा. आख्खी मोटार आत ढकलली तर पेटीएवढी होऊन बाहेर यावी अशी राक्षसी प्रेस; वरून जाडजूड लोखंडी पाटा उतरायचा आणि सगळं चिरडायचा. तिचा प्रोग्राम लिहिणारे वरच्या मजल्यावर आणि तो चालवणारे खालच्या. भावोजी वरच्यांचे मुख्य, नाना खालच्यांचा. नानाची सख्खी बहीण भावोजींची बायको, पण कामावर दोघांमधून विस्तव जात नव्हता. काही बोलायचं असलं तर संगणकावर तिकीट टाकायचं, म्हणजे तक्रारीची चिठ्ठी. मर्जी झाली तर वरून उत्तर यायचं.

प्रोग्राम दुपारपर्यंत जडावतो आणि प्रेस अडखळते, असं तिकीट नानाने एकदा टाकलं होतं. उत्तर आलं, "असं होत नाही. तिकीट बंद."

"खड्ड्यात जा," म्हणाला नाना, आणि त्याने स्वतःच तोड काढली. रोज दोनच्या ठोक्याला प्रोग्राम आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा, अशी सोय करून ठेवली. प्रेस सुतासारखी सरळ झाली. वर कळवलं नाही. कशाला कळवायचं? आपली अक्कल त्यांना फुकट कशाला द्यायची?

आज सकाळी वरच्यांनी नवा प्रोग्राम चढवला, तोही असाच, खाली चकार शब्द न काढता. सकाळपासून पडद्यावर लाल इशारेच इशारे. कुठला खरा, कुठला खोटा, काही पत्ता लागेना. नाना चार वेळा फोन करून थकला. शेवटी जिना चढून वर गेला, भावोजींची खुर्ची लाथेने फिरवली आणि ठेवून दिली एक.

भावोजी काही हातात बांगड्या भरून बसलेले नव्हते. त्यांनी टेबलावरचा संगणकाचा पडदा उचलून नानाच्या कपाळावर आपटला. काच फुटली. नानाची भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरलं. दोघं टेबलांमधल्या फटीत कोसळले. नानाने गुडघा छातीवर रोवला, भावोजींनी त्याच्या अंगठ्याचा हाडापर्यंत चावा घेतला. बाकीचे वरचे भिंतीला चिकटून बघत होते. मध्ये पडायची कुणाची छाती झाली नाही.

"न सांगता चढवता, भावोजी?" मारतानाही नाना अहोजाहो सोडत नव्हता. "माझा बारक्या इशारे तपासायला आत उतरलाय! पाट्याखाली!"

बारक्या म्हणजे नानाचा धाकटा भाऊ, तिथलाच फिटर. नावालाच बारक्या, चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या. भावोजींचा तो लाडका मेहुणा.

"मग काय झालं?" भावोजी रक्त थुंकत ओरडले. "प्रेसच्या फाटकाची किल्ली फिरवूनच उतरला असेल ना? आत माणूस आहे हे प्रोग्रामला कळतं! पूर्वी ते डिस्कवर लिहायला आठ सेकंद लागायचे. तुमचेच लोक बोंबलत होते. आता मेमरीत ठेवतो, लगेच होतं!"

नानाची उगारलेली मूठ तशीच राहिली. "मेमरीत? आणि बंद करून परत सुरू केला तर?"

"तर विसरणारच, डिस्कवर लिहिलेलं तेवढं टिकतं. पण भरदुपारी कोण गाढव बंद करून..."

भावोजींनी नानाचा चेहरा पाहिला.

"मी," नाना म्हणाला. "रोज. दोन वाजता. आपोआप होतं."

सुरू झाली की प्रेस आधी पाटा एकदा खाली आणून बघते. हे वरच्यांनाही माहीत होतं, खालच्यांनाही. दोघांनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं आणि खालून किंकाळी आली.

जिना नानाने कसा उतरला ते त्यालाच ठाऊक; भावोजी त्याच्या मागोमाग. कुणीतरी लाल बटण दाबलं होतं, म्हणून पाटा मध्येच थांबला होता. पण बारक्याचा उजवा पाय गुडघ्याखाली पाट्याच्या तोंडात होता. पँट कुठली, मांस कुठलं, कळत नव्हतं. लोखंडावरून रक्त ओघळत होतं आणि बारक्या "नाना! नाना!" करून डोकं आपटत होता.

पाटा वर जाईना. बारक्याने आतून ओढून घेतलेलं फाटक लोकांनी तोडून उघडलं होतं, आणि फाटक उघडं असताना हलायचं नाही, असं नव्या प्रोग्रामला शिकवलेलं. ते कसं ओलांडायचं हे फक्त भावोजींना माहीत, आणि ओलांडायचा पासवर्ड फक्त नानाकडे.

"बसा!" नाना ओरडला. दोघं एकाच संगणकापुढे, एकाच बाकड्यावर, खांद्याला खांदा लावून बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा. नानाने पासवर्ड मारला, भावोजींनी फाटकाची अट काढली.

"आता वर घेतो!" भावोजी म्हणाले.

"थांबा, भावोजी! दाब एकदम सोडलात तर पाटा आधी बोटभर खाली बसतो. आधी दाबाचा डावा नळ उघडा."

"हे... हे मला कुणी कधी सांगितलंच नाही."

"आता सांगतोय! डावा!"

पाटा कण्हत वर गेला. चौघांनी बारक्याला ओढून बाहेर काढलं. पाय काही त्याच्याबरोबर पूर्ण आला नाही. नानाने पट्टा काढून मांडीला आवळला, भावोजींनी बारक्याचं डोकं मांडीवर घेतलं. दोघांच्या नाकातोंडातलं रक्त त्याच्या अंगावर सांडत होतं. भावोजी लहान मुलासारखे हुंदके देत होते.

बारक्या पांढराफटक पडला होता, पण शुद्धीवर होता. त्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भावोजींकडे.

"किती वेळ लागला?" त्याने विचारलं.

"दोन मिनिटं," नाना म्हणाला. "दोनच मिनिटं, बाळा. भावोजी आणि मी, दोघांनी मिळून."

"दोन मिनिटं," बारक्या म्हणाला. "मग सकाळीच का नाही बसलात रे?"

नानाने पट्टा आणखी आवळला. भावोजींनी मान खाली घातली. बारक्या उत्तर मिळेपर्यंत डोळे मिटायला तयार नव्हता.