चितेगावच्या गेटावरून चढणारी हडळ

तांब्यातलं पाणी बॅटरीवर पडताच फस्स असा आवाज झाला आणि पांढरा फेस उसळून वर आला. मारुतीच्या पारासमोर जमलेली गर्दी एक पाऊल मागं सरकली. पुरुषांनी हात जोडले, बायकांनी पदर सावरले. कारभारीच्या जीपचं बॉनेट आ वासून उभं होतं आणि त्यात वाकून दिवेबाबा मोठमोठ्यानं पुटपुटत होते. मोठ्यानं पुटपुटण्याची कला मी फक्त त्यांच्याकडंच पाहिली.

"पाहा, कसं फसफसू राह्यलं," बाबा म्हणाले. "हडळीचं विख हाय हे. यंत्राच्या नाडीत शिरलं व्हतं."

बाबांनी फेस फडक्यानं पुसला, बॅटरीच्या टोकावरची पट्टी काढून खसाखसा घासली, पुन्हा आवळली आणि वर बुक्का लावला. कारभारीनं देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. सकाळपासून मेल्यागत पडलेलं इंजिन कण्हत कण्हत सुरू झालं. मग काय विचारता, नारळ फुटले, गुलाल उडाला आणि सर्जेराव पाटलांनी बाबांच्या गळ्यात हार घातला. मी पाराच्या कडेला उभा राहून शेंगा खात होतो. चमत्कार पाहताना तोंड चालू असलं की डोकंही चालू राहतं, असा माझा अनुभव आहे.

ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी, त्यामुळे एसटी येईल याचा भरवसा नव्हता. त्याच दिवसांत वाळूजला आणि पैठण रस्त्याला नवनव्या कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि आमच्या गावची निम्मी तरणी माणसं कामाला जाऊ लागली होती. सगळ्यांची मदार एकाच गाडीवर, कारभारीच्या डिझेलवरच्या जुन्या जीपवर. मीही तिनंच शहरातल्या शाळेत जायचो. तिथं मी आठवीला विज्ञान शिकवत होतो.

कारभारीची एक रीत होती. संध्याकाळी शहरातून निघालं, की कितीही अंधारून आलं तरी चितेगावच्या कारखान्याच्या गेटापर्यंत तो गाडीचे दिवे लावायचा नाही. दिवेलागण एका जागी थांबून, हात जोडूनच करायची, असं त्याच्या आईनं शिकवलं होतं. म्हणून गेटावर जीप उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचं, बटण दाबायचं आणि समोरच्या उजेडाला नमस्कार करायचा. तेवढ्यात मागून आवडाबाई चढायची. त्या गेटावर आमच्या गावचं तेवढं एकच माणूस होतं.

आवडाबाई बौद्धवाड्यातली. नवरा वारला, पोरगी दहावीला. कारखान्यात डबे भरायच्या कामावर होती आणि महिनाभरात पक्की होणार होती. त्या महिन्यात खाडे झाले तर नाव कापलं जाणार, हे मुकादमानं तिला बजावून सांगितलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच सुरू झालं. तिनं जीपमध्ये पाय ठेवला, की बॉनेटखालून कुणीतरी किंचाळायचं. लांब, बारीक, अंगावर काटा आणणारी किंकाळी. पाठोपाठ दिवे पिवळे पडायचे. पहिल्या दिवशी लोक हसले. दोन-चार दिवसांनी तिच्याशेजारी कुणी बसेना.

सर्जेरावांनी कारभारीला दिवेबाबांकडं नेलं. बाबांनी जीपमध्ये लावायला स्वतःची तसबीर दिली, तिच्या दोन्ही अंगांना मोटारीचे चांगले जाडजूड लाल बल्ब, आणि ताकीद दिली की हे अखंड दिवे आहेत, रात्रंदिवस जळले पाहिजेत, विझले तर घरधन्याचं काही खरं नाही. झालं. तेव्हापासून रोज सकाळी जीप सुरू व्हायचीच बंद झाली. गावातली माणसं आंघोळ करून, कपाळाला गंध लावून धक्का मारायला हजर राहू लागली. दिवे लावल्यापासून दुखणं वाढलं, तेव्हा दुखणं दिव्यातच नसेल ना, हा प्रश्न कुणाला पडला नाही. उलट हडळ चवताळली, असा अर्थ निघाला आणि आज रविवार साधून बाबांनाच गावात आणलं.

हार घालून झाल्यावर बाबांनी डोळे मिटले आणि निकाल दिला. "हे इंजनाचं दुखणं नाय. बसणाऱ्याचं हाय. चितेगावच्या गेटावरून एक बाई चढती. तिच्या पाठीवर हडळ हाय. ती बाई चढली नाय, तर गाडी सोन्यासारखी चालंल."

सगळ्या माना आवडाबाईकडं वळल्या. कारभारी खाली बघत म्हणाला, "आवडाबाई, उद्यापासून तू दुसरं काय तरी बघ."

मला संताप आला. जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं भरलेली असत, आणि या हडळीनं पाठ निवडली ती नेमकी अशा बाईची, जिच्या बाजूनं गावात कुणी बोलणार नव्हतं. त्या वर्षी शहाण्यासुरत्या माणसांनाही दुसऱ्याची जात आधी दिसत होती. हडळीलाही ती दिसली, यात नवल नव्हतं. मी शेंगांची टरफलं झटकून पुढं झालो, पण आवडाबाई माझ्या आधी बोलली.

"कारभारीदादा, अंधार पडू राह्यला. म्या इथंच, हिरीपाशी उभी ऱ्हाते. तुमी दिवे लावा."

"कशापायी?"

"हडळ माझ्यासंगं हाय ना? मंग आज जीपमधी कोन वरडतं, ते ऐकू तरी."

बाबांनी हात वर करून मनाई केली. पण गर्दीला आता गंमत वाटू लागली होती. इंजिन चालूच होतं. कारभारीनं बटण दाबलं आणि किंकाळी आली. दिवे पिवळे पडले. आवडाबाई विहिरीच्या कट्ट्याला टेकून शांत उभी होती.

"तिची सावली लई लांब पोचती," बाबा म्हणाले.

मी कारभारीला दिवे बंद करायला सांगितलं. किंकाळी थांबली. लावायला सांगितलं. किंकाळी आली. चार-पाच वेळा असं झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, की हडळ बटणावर बसली हाय, आणि पहिला हशा पिकला.

मी काही मेकॅनिक नव्हे. पण कप्पी आणि पट्टा मी दरवर्षी फळ्यावर काढतो. इंजिन बंद करायला लावलं आणि कारभारीचाच अंगठा धरून पंख्याच्या पट्ट्यावर ठेवला. पट्टा जुन्या बाजेच्या सुंभासारखा खाली दबला. हाच पट्टा अल्टरनेटर फिरवतो; आमच्याकडं त्याला डायनामोच म्हणतात. तो फिरला तर वीज तयार होते, बॅटरी भरते. दिवे लावले की त्याच्यावर ओझं येतं, तो फिरायला जड होतो आणि ढिला पट्टा त्याच्यावरून घसरतो. घसरणारं रबर किंचाळतं. वीज कमी पडते आणि दिवे पिवळे होतात. दिवे लागायचे चितेगावच्या गेटावर, आणि त्याच घडीला आवडाबाई चढायची. एवढाच तिचा गुन्हा.

दोघांनी पहार आणली, डायनामो बाहेरच्या बाजूला रेटला आणि पट्टा ताठ करून नट आवळला. इंजिन सुरू झालं, दिवे लागले. आवाज नाही. समोरची मारुतीची मूर्ती शेंदरासकट लख्ख दिसली.

"आन् ते विख?" सर्जेराव चिवटपणे म्हणाले. "फेस तर आमी डोळ्यांनी पाह्यला."

बाबांचा तांब्या अजून बॉनेटवरच होता. जीपला बांधलेल्या लिंबू-मिरचीतलं लिंबू मी सोडवलं, कापलं आणि त्यावर उरलेलं तीर्थ ओतलं. लिंबू फसफसलं. आवडाबाई वाकून बघत म्हणाली, "आगं बाई, ह्याला पन माझीच हडळ लागली काय?" मग मात्र गर्दी पोट धरधरून हसली. तीर्थ म्हणजे भज्यांत घालतात त्या खायच्या सोड्याचं पाणी. बॅटरीच्या टोकावर आम्लाची बुरशीसारखी खपली चढते. सोडा पडला की ती फसफसते आणि निघते. खपली निघाली, पट्टी घासून आवळली, की वीज वाहू लागते. शहरातल्या गुलमंडीतला कुठलाही बॅटरीवाला हे काम हाराशिवाय करतो. बाबांनी तांब्या मागितला, मग तो तिथंच सोडून ते चालू लागले.

राहिले ते लाल बल्ब. मी कारभारीला सांगितलं, की इंजिन बंद असताना रात्रभर हे दोन बल्ब अर्धीमुर्धी भरलेली बॅटरी पिऊन टाकतात, म्हणून सकाळी धक्का लागतो. त्याला सगळं पटलं, पण हात पुढं होईना. घरधन्याचं काही खरं नाही, हे वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. मला त्याची कीव आली, कारण भीती खोटी असली तरी घाम खराच असतो.

शेवटी तो म्हणाला, "आईची दिवेलागण म्या कधी चुकवली नाय. पन ती बी झोपताना दिवा मालवायची." आणि त्यानं वायर ओढून काढली. मग बॅटरी भरावी म्हणून तो जीप पैठण रस्त्यानं लांबवर फिरवून आला. अर्धं गाव त्यात लटकून गेलं.

सकाळी धक्का मारणारे गंध लावून हजर होते. कारभारीनं किल्ली फिरवली आणि जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. धक्का मारायला वाकलेली माणसं तशीच वाकून राहिली. पलीकडं आवडाबाई डबा घेऊन उभी होती, जीपपासून लांब.

"आवडाबाई, या. म्होरं बसा," कारभारी म्हणाला.

ती आली, पण मागच्या आपल्या जागेवर बसली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्होरची जागा नगं मला. पुन्यांदा गाडी बिघडली, तर आधी बॉनेट उघडा. माझ्याकडं मंग बघा."

महिन्यानं ती पक्की झाली आणि तिनं जीपमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. मी विज्ञानाचा मास्तर, सांगायची सवय जात नाही. पण या गोष्टीपुरतं मला तिच्याहून वेगळं काही सांगायचं नाही. यंत्र बिघडतं, शरीर बिघडतं, हंगाम बिघडतो, आणि प्रत्येक बिघाडाला कारण असतं. ते हात काळे करून शोधावं लागतं. माणसाकडं बोट दाखवायला हात काळे करावे लागत नाहीत, म्हणून ते सोपं वाटतं. तुम्ही मात्र आधी बॉनेट उघडा.