चिमाबाईंचा हात

मी एक चाचणी बोलतेय. हिंजवडीकडची मंडळी मला टेस्ट म्हणतात. कोडच्या पाच-सहा ओळींचा माझा देह, तोही कॉम्प्युटरच्या पोटात. आता माझं काम ऐका. मी कडबाकुट्टीच्या, म्हणजे चारा कापायच्या मशीनच्या, तोंडात माणसाचा हात घालते आणि पातं थांबतं का ते बघते. थांबलं तर मी हिरवी, म्हणजे पास; नाही थांबलं तर लाल. हात खोटा, पातंही खोटं. दयामाया मात्र मला खरोखरच नाही. ती नसावी म्हणूनच मला जन्माला घातलं.

माझी आई उत्कर्षा. नोकरीसाठी परभणीहून हिंजवडीला आली आणि जवळच्या चांदे गावात नाथाच्या घराशेजारी खोली घेऊन राहिली. नाथा शेळ्यामेंढ्या राखणारा, जोडीला थोडी शेती. २००८ साली कडबाकुट्टीने त्याच्या उजव्या हाताची चार बोटं कडब्यासकट ओढून नेली. किंकाळी ऐकून उत्कर्षा धावली. चाऱ्यातून बोटं तिनेच वेचली, पदरात घातली चिमाबाईच्या, म्हणजे नाथाच्या बायकोच्या. दवाखान्यात ती जोडता आली नाहीत. उत्कर्षाला कितीतरी दिवस घास गिळवेना. मग तिला राग आला. मी त्या रागाची लेक.

ऑफिसातला निषाद तिच्या मदतीला आला. तो जवळच सूस गावात राहायचा, सुट्टी आली की गाडी काढून यायचा. दोघांनी मशीनला लावायची एक डबी तयार केली. चारा घालणाऱ्याने मनगटात लोहचुंबकाचं कडं घालायचं. कडं मशीनच्या तोंडाजवळ आलं की डबीने मोटर बंद करायची. डबीतलं सॉफ्टवेअर त्यांनी सगळ्यांना खुलं ठेवलं. कुणीही बघा, फुकट वापरा, सुधारा. पण उत्कर्षाची एक अट होती.

"ही पास झाल्याशिवाय एक ओळसुद्धा आत जायची नाही. माझीपण नाही."

मी कुणालाच सोडलं नाही. कुठल्या कुठल्या देशांतून शहाणे लोक ओळी पाठवायचे आणि माझ्याकडून रक्तबंबाळ होऊन परत जायचे. उत्कर्षाने मला एक जास्तीची खोडही लावली होती. लाईट गेलेली असताना मशीनच्या तोंडात हात ठेवायचा, आणि मग अचानक लाईट आणायची.

मग कंपनीने उत्कर्षाला परदेशी पाठवलं. इकडे लोडशेडिंगने लोक कावले होते. आमच्या भागात विहिरीवरच्या पंपाला ऑटो बसवतात. लाईट कधीही येवो, पंप आपोआप सुरू. निषादच्या मनात आलं, आपल्या डबीतच ऑटो घालू. एकाच डबीवर पंपही चालेल आणि कडबाकुट्टीही. लाईट जाताना काय चालू होतं ते डबीने लक्षात ठेवायचं, लाईट आली की ते सुरू करायचं. ओळी लिहिल्या, आणि मी लाल झाले.

निषादने पुन्हा चालवलं. लाल. मला एकटीला चालवलं तर हिरवी. सगळ्या चाचण्यांबरोबर चालवलं तर लाल. त्याने टेबलावर मूठ आपटली, कीबोर्ड भिंतीवर फेकला, मला आईवरून शिव्या घातल्या. चिमाबाई रोज विचारायची, "डबी कवा बसवताय, दादा? ह्यांचा हात गेलाय, आता समदा चारा मलाच घालावा लागतुया. लई भ्या वाटतं." त्या बिचाऱ्यावर त्याचंही ओझं होतं. वाईट नव्हता तो. घाईत होता.

शेवटी त्याला कारण सापडलं. माझ्याआधी पंपाची चाचणी चालायची आणि डबीच्या आठवणीत 'चालू' एवढं मागे ठेवून जायची. मी हात घालून लाईट आणली की ती आठवण जागी व्हायची आणि मोटर फिरायची.

"हात्तिच्या! कोडमध्ये काही प्रॉब्लेम नाहीये, ही टेस्टच गंडलीये," निषाद मोठ्याने म्हणाला.

त्याने माझ्या डोक्यावर एक ओळ लिहिली, माझ्याआधी आठवण पुसून टाक. मी हिरवी झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी! अरे, मी कोकलत होते ते हेच होतं. चांद्याच्या गोठ्यात आठवण पुसायला कोण येणार होतं?

त्याने डबी नेऊन नाथाच्या मशीनला बसवली. पुढचं मला निषादच्याच तोंडून कळलं. माझ्या समोर बसून तो उत्कर्षाला फोनवर सांगत होता, रडत होता.

चिमाबाई कुट्टी करत होती. लाईट गेली, मशीन थांबलं. कडब्याचा एक पेंडका तोंडात अडकला होता, तो सोडवायला तिने आत हात घातला. लाईट आली. डबीला आठवलं, लाईट जाताना मशीन चालू होतं. डबीने आधी मोटर फिरवली आणि मग कडं कुठे आहे ते बघितलं. हात मनगटाच्या पुढे राहिला नाही. कडं मनगटात तसंच होतं. चिमाबाई रक्तात पडून एकच सांगत होती, "म्या कडं घातलं व्हतं वो. बगा, घातलंय."

तिला दवाखान्यात हलवल्यावर नाथाने धड हातात कुऱ्हाड घेतली आणि मशीनचे, डबीचे तुकडे केले. तसाच रक्ताळलेल्या कपड्यांनी तो बातमी ऐकून आलेल्या निषादसमोर उभा राहिला.

"तुमी म्हनला व्हता, कडं दिसलं की थांबतंय."

"काका, टेस्ट पास झाली होती..."

"कुनाची पास?" नाथाने विचारलं. कुऱ्हाड तिथेच टाकून तो दवाखान्यात गेला.

उत्कर्षा परत आली. ती ओरडली नाही. तिने निषादला माझ्यासमोर बसवलं, त्याची ती ओळ त्यालाच खोडायला लावली आणि म्हणाली, "चालव." लाल. "परत चालव." लाल. "परत." प्रत्येक वेळी मी एक हात तोडत होते आणि त्याला बघावं लागत होतं. तो ओकला तेव्हा ती थांबली. मग तिने दुरुस्ती केली. लाईट आली की डबीने आधी कडं बघायचं, आणि कडबाकुट्टी कधीच आपणहून सुरू करायची नाही. मी हिरवी झाले. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी तिने मला नाव दिलं, 'चिमाबाईंचा हात'. दूरदेशीचे लोक ते नाव वाचतात, त्यांना अर्थ लागत नाही. त्यांना एवढंच सांगते: मी लाल झाले तर आधी माझं ऐका, मग मला मारा.

आता रोज कुणी ना कुणी मला चालवतं. रोज मी चिमाबाईंचा हात पात्यात घालते आणि रोज तो पाचही बोटांसकट बाहेर येतो. तिकडे चांद्याला नाथा डाव्या हाताने भाकरी मोडतो आणि चिमाबाईला भरवतो. तिने ते कडं अजून काढलेलं नाही.