मोबाइलवर आलेला कौल

रविवारी बेळगावजवळच्या काकती गावाबाहेर कौलमहाराजांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं आपापला मोबाइल तळहातावर धरून बसली होती. मधूनच एखाद्याचा मोबाइल थरथरायचा आणि तो उभा राहून हात जोडायचा. कौल आलेला असायचा.

कौल आमच्या भागात नवा नाही. देवाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौलमहाराजांनी पाकळ्यांना रजा दिली होती. "कलियुगात देव मोबाइलवर बोलतो," असं ते सांगत. ॲप नको, पाठवणाऱ्याचा नंबर दिसणार नाही, मोबाइल खिशात असला तरी कौल येणारच. आणि तो यायचा, हे खरं होतं. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. 'कसं' विचारल्यावर कुणी नुसता डोळे मिटून हसला की माझा संशय बळावतो. महाराज फार हसत.

मी आलो होतो शेजारच्या बाळाबाईंसाठी. त्यांच्या मुलीला, नीलमला, फिट्स येत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या, पोरगी कॉलेजला जाऊ लागली होती. गुरुवारी बाळाबाईंना कौल आला, 'गोळ्या बंद कर, अंगारा लाव,' आणि गोळ्या आईच्या पदराच्या गाठीत गेल्या. नीलमनं घाबरून मला सांगितलं. मी समजवायला गेलो, तर बाळाबाई म्हणाल्या, "सर, तुमी शाळेत शिकवा. देवाला शिकवू नका." मला राग आला, आणि भीतीही वाटली. रविवारी त्या नीलमला घेऊन मंडपात येणार होत्या. म्हणून मी माझ्या मुलीला, सौम्याला, सोबत आणलं. ती बेळगावात वेबसाइट बनवायच्या ऑफिसात आहे. सगळं ऐकल्यावर तिलाही संशय आलाच होता.

ती सेवेकऱ्याच्या टेबलाजवळ जाऊन नुसती बघत राहिली. सेवेकरी भक्ताचा मोबाइल घेऊन महाराजांची वेबसाइट उघडायचा, नाव घालायचा, प्रश्न आजाराचा, लग्नाचा की जमिनीचा ते निवडायचा. मग इंग्रजीत एक छोटी चौकट यायची. "उजव्या अंगठ्यानं दाबा, देवाला व्हय म्हणा," सेवेकरी सांगायचा. कौल मागण्याआधी देवाला व्हय म्हणायची आमची पद्धतच आहे, त्यामुळे चौकट कुणी वाचतच नव्हतं. सौम्यानं वाचली. ही वेबसाइट तुम्हाला सूचना पाठवू का, एवढंच तिथं विचारलं होतं.

तेवढ्यात चारसहा मोबाइल एकदम थरथरले. आजारी म्हशीसाठी आलेल्या रवळूनं आपला कौल मोठ्यानं वाचला. गोळ्या बंद कर, अंगारा लाव. मागच्या बाईलाही तोच आला होता.

"पर आमच्या म्हशीला गोळ्या चालूच न्हाईत," रवळू म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं. सेवेकऱ्यानं देवाची लीला म्हणून सारवासारव केली.

सौम्यानं बाळाबाईंचा मोबाइल मागून घेतला. आदल्या दिवशीच तयार केलेलं आपलं पान तिनं उघडलं. तशीच चौकट आली. बाळाबाईंनी तशीच व्हय म्हणून दाबली. सौम्यानं पान बंद केलं, मोबाइल त्यांच्या मुठीत दिला आणि स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी लिहिलं. मुठीतला मोबाइल थरथरला. 'नीलमला डॉक्टरकडे न्या. पाठवणारी : सौम्या.'

मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आपण व्हय म्हटलं की त्या वेबसाइटचा एक छोटा प्रोग्रॅम राखणदारासारखा आपल्या ब्राउझरमध्ये बसतो. पान मिटलं तरी तो तिचे निरोप आपल्याला पोचवत राहतो. महाराजांचा माणूस एकदा लिहितो आणि आजार निवडलेल्या सगळ्यांना तेच जातं, माणूस असो की म्हैस. तिच्या ऑफिसात दुकानांच्या वेबसाइटला रोज हेच बसवतात, सवलती कळवायला.

महाराज हसले. "बघा, हिच्या तोंडूनबी देवच बोलतोय."

आणि अर्ध्या मंडपानं माना डोलावल्या.

बाळाबाई उठल्या. "देव एकदा बंद कर म्हंतोय, एकदा डॉक्टरकडं जा म्हंतोय. मी कुणाचं ऐकू गं?"

"माझंबी नको, मावशी," सौम्या म्हणाली. "ज्यांनी नीलमला तपासलंय त्यांना विचारा."

बाळाबाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते चांगलेच रागावले असावेत, कारण बाई नुसतं व्हय, व्हय म्हणत राहिल्या. गोळी आत्ताच द्या आणि पोरीला दवाखान्यात घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंनी पदराची गाठ सोडली. शेजारी बसलेल्या नीलमनं लगेच गोळी घेतली.

मोबाइल पुन्हा थरथरला. 'श्रद्धा सोडशील तर पस्तावशील.' बाळाबाईंनी मान वर केली. व्यासपीठाच्या कडेला महाराजांचा माणूस मोबाइलवरून अंगठा उचलत होता. बाईंनी आपला मोबाइल सौम्यापुढे धरला.

"सौम्या, ह्यो दिलेला व्हय मागं कसा घ्यायचा?"

सौम्यानं सेटिंग उघडून दाखवलं. बाळाबाईंनी स्वतःच्या अंगठ्यानं ते बंद केलं. मागून रवळूनं आपला मोबाइल पुढे केला, मग त्याच्या मागच्या बाईनं.

वाचकहो, तुमच्यापुढेही कधीतरी अशी चौकट येईल, मोबाइलवर किंवा मंडपात. व्हय म्हणण्याआधी वाचा, आणि हे कसं होतं ते विचारा. आणि आधीच व्हय म्हणून बसला असाल, तर तो मागे घेता येतो.